शुगर सोळा

(दहावी १९७६ च्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माझा युरोप प्रवास’. फोटो दाखव, पंधरा-वीस मिनिटं बोल, म्हणाले. अडचण अशी आहे की माझ्याकडे फोटो चारच दिवसांचे आहेत. पाचव्या दिवशी सकाळी मी पडलो. त्यानंतरचे १७ दिवस मी जे पाहिलं ते म्हणजे एका दवाखान्याचं छत, मग एका लहानशा खोलीची खिडकी आणि त्या खिडकीतलं सफरचंदाचं झाड. एवढाच माझा युरोप. तेव्हा त्याच्याबद्दलच बोलतो. इथे बसलेल्यांपैकी बरेच जण जाऊन आलेत, उरलेले पुढच्या दोन-चार वर्षांत जातील. कोणी मुलाकडे, कोणी टूरबरोबर. आणि आपण सगळे पासष्टीचे झालो आहोत. हाडं दहावीतली राहिलेली नाहीत.

तसा परदेशात हाड मोडून घेणारा मी काही पहिला नगरकर नाही. आपल्या शेजारचं अरणगाव, मेहेराबाद, सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी गोरी माणसं दिसली की आपण ‘अरणगावची पार्टी’ म्हणायचो. मी त्यांचा अनुयायी नाही, पण ही हकीकत मला दवाखान्यात पडल्या पडल्या आठवली म्हणून सांगतो. मेहेरबाबा १९५२ साली अमेरिकेत होते. २४ मे रोजी मर्टल बीचहून कॅलिफोर्नियाकडे मोटारीने निघाले असताना ओक्लाहोमा राज्यात प्राग नावाच्या गावाजवळ समोरासमोर टक्कर झाली. हे प्राग युरोपातलं नव्हे, तिथलं एक लहान गाव. बाबांचा पाय मोडला, हाताला आणि नाकाला इजा झाली, बरोबरच्या स्त्रियाही जबर जखमी झाल्या. गावातल्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर नेड बर्लसन यांनी त्यांच्यावर उपचार केले. आता त्या डॉक्टरची परिस्थिती बघा. समोर परक्या देशाचा रुग्ण, आणि तो बोलत नाही. मेहेरबाबांचं मौन १० जुलै १९२५ पासून होतं, म्हणजे तेव्हा जवळजवळ २७ वर्षं झाली होती. त्या काळात ते अक्षरांच्या फळ्यावर बोट ठेवून संवाद करत. न बोलणाऱ्या माणसाला कुठे दुखतं हे विचारून डॉक्टरने उपचार केलेच ना.

मला तर चांगली जीभ होती. ती मी कशी वापरली, ते आता सांगायचं आहे. सर समोर बसले आहेत म्हणून थोडं अवघड जातंय.

मे २०२४. आम्ही दोघं नगरहून पुण्याला, तिथून मुंबई, आणि मग एका टूर कंपनीबरोबर पॅरिस करून स्वित्झर्लंडला पोचलो. ल्युसर्नच्या जवळ मुक्काम होता. त्या दिवशी टिटलिसवर जायचं होतं. बर्फात सांभाळून चाला, असं मुलगा, सून, टूर मॅनेजर, सगळ्यांनी बजावलं होतं. मी बर्फापर्यंत पोचलोच नाही. हॉटेलच्या बाथटबमध्ये पडलो.

हसू नका. तिकडे न्हाणीघर म्हणजे गुडघ्याएवढ्या उंच काठाचा टब. आत पाय टाकून उभं राहायचं, पडदा ओढून घ्यायचा, कारण बाहेरच्या फरशीला पाणी जायला मोरीच नसते. अंघोळ झाली, ओला पाय काठावरून बाहेर काढला, दुसरा टबात सरकला. आधाराला पडदा धरला. दांडा हातात आला. खाली पडलो तेव्हा आवाज आला तो दांड्याचा, असं मला वाटलं. बायकोने दार ढकललं तेव्हा माझा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. तिच्या माहेरी आजी अशीच पडली होती. ती पाहताक्षणी म्हणाली, “खुबा गेला.” पुढे एक्सरे काढून तिथल्या डॉक्टरांनी तेच सांगितलं.

टूर मॅनेजर चांगला मुलगा होता. त्याने १४४ ला फोन लावला. स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेचा हा नंबर, बाकी युरोपभर ११२ चालतो, तिथेही चालतो. दहा-बारा मिनिटांत दोघं जण आले, एक मुलगा आणि एक मुलगी. वयाने आपल्या नातवंडांपेक्षा थोडेच मोठे. मला टॉवेलात गुंडाळलेल्या अवस्थेत उचलण्याआधी त्यांनी माझी परवानगी विचारली, याचं मला तेव्हाही नवल वाटलं. मॅनेजरने बसला टिटलिसला पाठवलं, स्वतः दवाखान्यात आला, कागद भरले, त्याचं स्थानिक सिमकार्ड बायकोच्या फोनमध्ये घालून दिलं. दुपारी मात्र त्याला निघावं लागलं. ४१ माणसं वर बर्फात होती आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना इटलीला जायचं होतं. माझी त्याच्याबद्दल काहीही तक्रार नाही. पण तो दारातून गेला तेव्हा मला आपली आठवीची सहल आठवली.

आठवतं ना? चाँदबीबी महाल. म्हणजे खरं तर सलाबतखानाची कबर, पण आपण नगरकर महालच म्हणणार. डोंगर उतरताना आपल्यातला एक जण, नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसून हसतोय, घसरला आणि त्याचा हात मनगटात मोडला. सरांनी आपल्याला बाईंच्या ताब्यात दिलं, त्याला टांग्यात घालून सिव्हिलला नेलं, आणि त्याच्या घरचे येईपर्यंत रात्री तिथेच बसून राहिले. परदेशात ती जागा रिकामी असते. तिथे सर नसतात. शेजारी जो माणूस असेल तोच तुमचा सर, तोच आई-बाप. माझ्या शेजारी बायको होती. आपल्याच शाळेची, आपल्यानंतर तीन वर्षांनी दहावी झालेली. तिचं इंग्रजी बेताचं, जर्मन शून्य.

आता मुद्द्यावर येतो. तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर बाई आल्या. स्वच्छ, सावकाश इंग्रजी. कुठल्या औषधाची ॲलर्जी? नाही. याआधी ऑपरेशन? नाही. रक्त पातळ करायची गोळी? नाही. डायबेटिस? मी म्हणालो, “नो.”

मला २०१५ पासून डायबेटिस आहे.

मी नाही का म्हणालो? सांगतो. प्रवासाचा विमा काढताना फॉर्ममध्ये एक रकाना होता. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का, होय की नाही. विमा काढून देणारा म्हणाला, “काका, नाहीच लिहा, सगळे तसंच लिहितात. होय लिहिलं की चौकशा वाढतात, पैसे वाढतात.” मी ‘नाही’वर टिक केली आणि सही केली. मित्रांनो, मी ३५ वर्षं बँकेत काढली. ‘वरील माहिती खरी व पूर्ण आहे’ या ओळीवर बोट ठेवून मी हजारो लोकांच्या सह्या घेतल्या. एखाद्या शेतकऱ्याने कर्जाच्या अर्जात दुसरीकडची बाकी लपवली तर त्याला मी काय काय ऐकवलं असेल, आठवलं तरी लाज वाटते. तो फॉर्म माझ्या डोक्यात होता. तिथे डायबेटिस सांगितला तर तो कागदावर जाईल, कागद विमा कंपनीकडे जाईल आणि ते म्हणतील, तुम्ही तर नाही लिहिलं होतंत. खुबा मोडलेला, वेदनेने घाम फुटलेला, आणि मनात हा हिशोब चाललेला.

बायकोला बाकीचं फारसं कळत नव्हतं, पण ‘डायबेटिस’ आणि ‘नो’ हे दोन शब्द कळले. ती म्हणाली, “अहो, हे काय सांगताय?” मी मराठीत म्हणालो, तू गप्प बस, ते विम्याचं आहे. ती गप्प बसली नाही. पर्समधून गोळ्यांची ती सात कप्प्यांची डबी काढली, वार लिहिलेली, आणि डॉक्टर बाईंच्या हातात ठेवली. एकेक कप्पा उघडून सांगायला लागली, “धिस मॉर्निंग. धिस नाइट. शुगर, शुगर.” मग गोळ्यांची पाकिटं काढली. आपल्या पाकिटांवर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं खरं नाव मुंगीएवढं छापलेलं. कंपनीचं नाव तिकडे कोणाला ठाऊक नसतं. डॉक्टर बाईंनी टॉर्च लावून मागची बारीक अक्षरं वाचली. मेटफॉर्मिन. आणि खालच्या पाकिटावर ॲस्पिरिन. म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दलचं माझं उत्तरही चुकलंच होतं. ते मात्र मुद्दाम नव्हतं. पाच वर्षं मी ती गोळी घेत होतो, ‘हृदयाची गोळी’ म्हणून.

बाई मला काही बोलल्या नाहीत. फक्त आधी लिहिलेल्या दोन ओळींवर रेघ मारली आणि वरती नवीन लिहिलं. ते बघणं मला बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं.

मग बोटाला सुई टोचून शुगर पाहिली. यंत्रावर आकडा आला सोळा. बायकोचा जीव भांड्यात पडला. “सोळाच! अहो, कमी झाली की.” मीही खूश झालो. उपाशीपोटी पडलोय, उतरली असेल. परिचारिका मात्र गंभीर. तिच्या लक्षात आलं, तिने कागदावर लिहून दाखवलं, १६ गुणिले १८. तिकडे आणि बऱ्याच देशांत रक्तातली साखर वेगळ्या मापात मोजतात. त्यांच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. आली २८८. हा गुणाकार लक्षात ठेवा. गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसलेल्यांनी सुद्धा.

मोडलेला खुबा तसाच घेऊन भारतात येता येत नाही. मी विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. मनात आलं, विमानात बसू, पुण्याला ऑपरेशन करू, ओळखीचे डॉक्टर आहेत. त्यांनी समजावलं की या वयात हे ऑपरेशन लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांत करायचं असतं, आणि असा रुग्ण विमानात बसूच शकत नाही, आडवाच न्यावा लागतो. स्ट्रेचरसाठी विमानातल्या कितीतरी खुर्च्या अडवाव्या लागतात आणि त्या सगळ्यांचं भाडं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन झालं, कृत्रिम सांधा बसवला. रात्रभर माझी शुगर इन्सुलिनने खाली आणली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ॲस्पिरिनबद्दल तीनदा विचारलं, शेवटची गोळी कधी घेतली, किती मिलिग्रॅमची. पाठीच्या कण्यात सुई घालायच्या आधी त्यांना ते नक्की हवं होतं. ती डबी पर्समध्येच राहिली असती तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही.

पैशांसाठी त्यांनी ऑपरेशन थांबवलं नाही. तातडीच्या रुग्णाला तिकडे थांबवत नाहीत. पण म्हणजे पैसे लागत नाहीत असं नाही. आपल्याकडे एक समज आहे की युरोपात औषधोपचार फुकट असतात. ते तिथल्या लोकांसाठी, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर तिथल्या लोकांनाही विम्याचे हप्ते भरावे लागतात. इंग्लंडमध्ये जाणाऱ्यांनी हेही ऐका. तिथल्या सरकारी दवाखान्यात तातडीच्या विभागात तपासणी कोणाचीही मोफत होते, पण एकदा वॉर्डात दाखल करून घेतलं की पर्यटकाला दीडपट दराने बिल लागतं. अमेरिकेत कायद्याने तातडीचा रुग्ण तपासावाच लागतो, पण बिल मागून घरी येतं. आणि ते काय असतं, ते ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना विचारा.

स्वित्झर्लंडमध्ये मी एकच जर्मन शब्द शिकलो. कोस्टेनगुटश्प्राखे. पुन्हा म्हणायला सांगू नका. अर्थ, खर्चाची हमी. विमा कंपनीकडून ही हमी आली की दवाखाना तुमच्याकडे पैसे मागत नाही. ती येण्यासाठी पॉलिसीवरच्या मदत केंद्राच्या नंबरवर लगेच फोन करावा लागतो. उपचार संपवून, बिल घेऊन, घरी येऊन नाही. तो फोन बायकोने केला, दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून. पलीकडे सुदैवाने हिंदी बोलणारा माणूस निघाला. केस नंबर मिळाला. तिने तो हातावर पेनाने लिहिला, आपण परीक्षेला जाताना लिहायचो तसा.

हमी मात्र लगेच आली नाही. दवाखान्याच्या कागदांत मधुमेह होता आणि विम्याच्या फॉर्ममध्ये नव्हता. त्यांनी नगरच्या आमच्या डॉक्टरांकडचे जुने कागद मागितले. मुलगा पुण्याहून गाडी काढून नगरला गेला. दवाखान्यातून त्याने मला फोन केला. मी म्हणालो, बघ, डॉक्टरांना विचार, तारीख जरा अलीकडची घालता येते का. पलीकडे काही बोलणं नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग तो म्हणाला, “बाबा, मी काकांना हे विचारणार नाही.” आणि आहेत ते कागद पाठवून दिले.

हा भाग भाषणात सांगू नका, असं तो कालही म्हणत होता. त्याला वाटतं, माझी बदनामी होईल. पण ५० वर्षांनी भेटतोय आपण. नातवंडांचे फोटो तर सगळेच दाखवणार आहेत.

निकाल असा लागला. खुबा अपघाताने मोडला, त्याचा मधुमेहाशी संबंध नाही, म्हणून ऑपरेशनचा खर्च त्यांनी मान्य केला. शुगर आटोक्यात आणायला जे तीन दिवस जास्त राहावं लागलं, ते आणि त्या तपासण्या नाकारल्या. एकूण बिल ३१ हजार फ्रँकच्या वर गेलं. तेव्हा फ्रँक ९०-९२ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सव्वाअठ्ठावीस लाख धरा. त्यातले ४,१०० फ्रँक, साधारण पावणेचार लाख, मी भरले. खरं तर पॉलिसी नंतर नीट वाचली तेव्हा दिसलं की माहिती लपवली म्हणून ते सगळंच नाकारू शकले असते. पत्रात तसं एक सभ्य वाक्यही होतं. एका मित्राने सुचवलं, पुण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तक्रारीला शुल्क लागत नाही, तिथे जा. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने जरूर जावं. मी कुठल्या तोंडाने जाणार होतो?

आणखी एक आकडा. शेंगेन व्हिसासाठी विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. तेवढाच काढायची आपली प्रवृत्ती असते, कारण व्हिसा मिळण्याशी मतलब. तेव्हाच्या दराने ते २७ लाख होतात. माझं बिल त्याच्या पुढे गेलं. सूनबाईने हट्ट करून ५० हजार डॉलरचा काढायला लावला होता म्हणून निभावलं.

दवाखाना कसा होता, हे सगळे विचारतात. आपल्याकडे रुग्णाबरोबर एक माणूस लागतोच. खाटेखाली सतरंजी, डबा, थर्मास, औषधं आणायला चिठ्ठी घेऊन पळायचं. तिकडे संध्याकाळी आठला त्यांनी बायकोला हसत हसत सांगितलं, आता घरी जा. घर? माणूस सोडून जायची तिला कल्पनाच सहन होईना. मला बेडपॅन कोण देणार? ते देतात. रात्री पाणी? ते देतात. ती रडली तेव्हा परिचारिकेला वाटलं, काहीतरी चुकलं, ती घाबरून गेली. शेवटी ती गेली. वयाच्या ६१ व्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा परक्या गावात एकटी, बसने २० मिनिटांवरच्या खोलीत. बसचं तिकीट यंत्रातून काढायचं, त्यावर चार भाषा आणि त्यातली एकही आपली नाही. पहिल्या दिवशी ती भीतीपोटी चालत आली. चौथ्या दिवशी दुसऱ्या एका आजीबाईंना तिकीट काढून देत होती.

दुखणं किती, हे ते एक ते दहा आकड्यांत विचारायचे. आपल्याला काय सवय, “बरं आहे, थोडं दुखतंय.” मी म्हणालो दोन. त्याप्रमाणे त्यांनी औषध दिलं, म्हणजे जवळजवळ दिलंच नाही. रात्रभर खाटेची दांडी धरून पडलो. सकाळी परिचारिकेने माझे हात बघितले आणि विचारलं, खरा आकडा सांगा. आठ, म्हणालो. इथेही तेच बघा, पुन्हा खोटा आकडा. फक्त या वेळी सभ्यपणाने.

जेवण हा वेगळा अध्याय. शाकाहारी म्हणजे पाव, चीज, उकडलेला बटाटा, आणि सगळं गार. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एक बाई कपाळाला कुंकू लावून वॉर्डात आल्या. श्रीलंकेच्या तमिळ. १९८३ नंतरच्या युद्धात तिथून पुष्कळ तमिळ कुटुंबं स्वित्झर्लंडला गेली, त्यांतल्या. त्यांना तमिळ आणि जर्मन, आमच्या हिला मराठी. दोघींना समान शब्द सापडला तो ‘सांबार’. दुसऱ्या दिवसापासून त्या घरून भात आणि रस्सम आणायच्या. डायबेटिस आहे म्हणून भात मोजून, एक वाटी. ही मोजणी आमच्या हिने हातवाऱ्यांनी समजावली होती.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी मला उभं केलं. मग कुबड्या, मग जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे मी अजून मनात म्हणतो, आज या स्टेजवर चढतानाही म्हटलं.

मुलाने यायचा प्रयत्न केला, पण त्याच्याकडे व्हिसा नव्हता आणि तो हातोहात मिळत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत साताऱ्याच्या कुटुंबाची बातमी तुम्ही वाचली असेल. मुलगी कॅलिफोर्नियात अपघातानंतर बेशुद्ध, आणि इकडे वडील व्हिसासाठी दारोदार. परराष्ट्र मंत्रालयाने लक्ष घातल्यावर तो मिळाला. ती बातमी मी वाचू शकलो नाही, अर्ध्यात पेपर खाली ठेवला. आमचा स्वतःचा व्हिसाही दिवसांच्या हिशोबात संपत आला होता. त्याची तरतूद आहे. आजारपण, अपघात अशा कारणासाठी तो फी न घेता वाढवून देतात, पण संपायच्या आधी अर्ज करावा लागतो. दवाखान्यातल्या समाजसेविकेने तो लिहून दिला. बर्नला आपला दूतावास आहे, तिथेही फोन केला. ते बिल भरत नाहीत, पण मार्ग सांगतात.

दहा दिवसांनी दवाखान्यातून सोडलं, पुढचा आठवडा आम्ही त्या सफरचंदाच्या झाडासमोरच्या खोलीत काढला. विमानात बसण्याजोगा आहे असं डॉक्टरांचं पत्र, विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म, व्हीलचेअर, आणि पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटात रोज एक इंजेक्शन. ते बायको द्यायला शिकली. मुंबईला मुलगा गाडीत गादी टाकून उभा होता. कल्याण, माळशेज, आळेफाटा. स्वित्झर्लंडमध्ये ‘आठ’ सांगितलं होतं ना, टाकळी ढोकेश्वरच्या अलीकडे एका खड्ड्यात मी ‘दहा’ म्हणून ओरडलो.

गेल्या महिन्यात नातीच्या समारंभासाठी दुबईला जायचं ठरलं. पुन्हा फॉर्म आला. मधुमेह, होय. कधीपासून, २०१५. गोळ्या, नावं, सांधा बदललेला, होय. हप्ता वाढला. सही करताना बायको शेजारी उभी होती, चष्मा लावून.

मी बाहेरच्या टेबलावर एक साधा कागद झेरॉक्स करून ठेवला आहे. रक्तगट, आजार, औषधांची खरी नावं इंग्रजीत, कंपनीची नव्हेत, आणि घरच्या दोन माणसांचे नंबर. भरून पाकिटात ठेवा, एक प्रत बरोबरच्या माणसाकडे द्या. पेनंही ठेवलीत. जेवणात जिलेबी आहे असं मला आत्ताच कळलंय, तेव्हा कागद जेवायच्या आधी भरा. आणि सर, तुमचा मी भरून देतो, तुम्ही फक्त सांगा.